दुसऱ्याच्या देवाची शपथ

गावात किरिस्तावाचं घर आमचं एकच. बाकी वस्ती कोळ्यांची, आत थोडी कुळवाड्यांची, आणि टेकाडावर खोताचा चौसोपी पसारा. मी सतराव्या वर्षी लग्न होऊन उरणाकडून आगबोटीनं दिघीला उतरले आणि बैलगाडीनं गावात आले, तेव्हा बायका दारादारांत उभ्या राहून बघत होत्या. किरिस्तावाची नवरी म्हणजे काहीतरी निराळंच प्रकरण असणार, अशी त्यांची समजूत असावी. मी आपली लुगड्यात, डोक्यावर पदर, हातभर काकणं. त्यांची फार निराशा झाली. "आपल्यावानीच हाय की," असं एक जण मोठ्यानं म्हणालीसुद्धा. मला राग आला. माझा स्वभावच तसा, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि आता म्हातारपणी तर तो तिथून खाली उतरतच नाही.

महिनाभरात नवरा मुंबईला गोदीतल्या कामावर परत गेला. सासू नव्हती. घरात मी आणि सासरे, दोघंच. सासरे होड्या बांधणारे सुतार. गाव त्यांना मिस्त्री म्हणे. तीस वर्षांपूर्वी एका कोळ्याचा मचवा बांधायला म्हणून ते ह्या किनाऱ्यावर आले आणि इथलेच झाले. आताच्या खोताच्या वडिलांनी त्यांना किनाऱ्याची एक पट्टी दाखवून म्हटलं होतं, इथं बांध आणि इथंच राहा. त्याचा कागद नव्हता. तेव्हा तोंडाचा शब्द पुरत असे, म्हणजे देणारा जिवंत असेपर्यंत पुरत असे.

आमचं देऊळ म्हणजे सासऱ्यांचा कामाचा बाक. दोन महिन्यांतून एकदा पाद्री खाडी ओलांडून यायचे. आदल्या संध्याकाळी सासरे रंधा, करवत, वाकस सगळं उचलून बाक घासून पुसून ठेवायचे आणि त्यावर पांढरी चादर घालायचे. सकाळी त्याच्यावर मिस्सा, म्हणजे आमची पूजा, व्हायची. भाविक आम्ही दोघंच. पाद्री लॅटिनमध्ये बोलायचे, त्यातलं मला अक्षर कळत नसे, पण मिस्सा झाल्यावर चहा पिताना ते मराठीत शास्त्रातल्या गोष्टी सांगायचे, त्या मात्र मी कान देऊन ऐकायची. त्यातल्या काही गोष्टी आपल्याच शास्त्रात आहेत, प्रोटेस्टंट लोकांनी त्या गाळून टाकल्या, असं ते मोठ्या तोऱ्यात सांगत. जणू आमच्या घरचं सोनं शेजाऱ्याकडे नाही.

त्यातली एक गोष्ट सासऱ्यांच्या फार आवडीची. परक्या राजानं यहुदी लोकांचा धर्म मोडायला घेतला होता. नव्वद वर्षांच्या एका म्हाताऱ्या शास्त्र्याला धरून आणलं आणि त्यांच्या धर्मात वर्ज्य असलेलं डुकराचं मांस खा म्हणाले, खाल्लंस तर सुटशील. राजाच्या माणसांत त्याचे जुने ओळखीचे होते. त्यांना दया आली. ते त्याला बाजूला घेऊन म्हणाले, तू तुला चालणारं मांस घरून आण, आम्ही ते पुढ्यात ठेवतो, तू खाल्ल्याचं नुसतं सोंग कर. म्हातारा म्हणाला, ह्या वयात मी सोंग केलं तर माझ्या मागची पोरं काय समजतील? आणि तो मार खाऊन मेला. मला ह्या गोष्टीचं हसू यायचं. आमच्याकडे लग्नात डुकराच्या मांसावाचून पंगत उठत नाही, आणि हा बिचारा त्याच्यापायी जिवाला मुकला! मी तसं म्हटलं की सासरे रंधा न थांबवता म्हणायचे, "गोष्ट मांसाची न्हाय गो, सोंगाची हाय."

आमच्या कुडाला लागून एका कोळणीची वाडी होती. मी तिला मावशी म्हणायची. नवरा पटकीत गेलेला, मूलबाळ नाही. डोक्यावर पाटी घेऊन बोर्लीच्या बाजाराला मासे विकायला जाई, उरलेल्या वेळात अठरा माडांना पाणी घाली. आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या कोंबड्या तिच्या वाळत घातलेल्या सुकटीत शिरल्या, तेव्हा तिनं माझा उद्धार केला आणि मी तिचा. दोघींनाही तोडीस तोड भेटल्याचं समाधान झालं. पुढे नवरा रजेवर येऊन गेला, मला दिवस गेले, तेव्हा तीच रोज संध्याकाळी वाटीभर कालवण घेऊन यायची आणि मी ते संपवीपर्यंत समोर बसून राहायची. आईच्या माघारी सासरी आलेल्या मुलीला ह्याची किंमत कळते. माझा तिच्यावर जीव होता, हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्याविषयी काय समजायचं ते समजा.

एकोणीसशे तिसाच्या आसपासचं साल असेल. उपासाचे चाळीस दिवस चालू होते आणि मला सातवा महिना होता. जुना खोत वारला होता आणि मुलाच्या हाती कारभार आला होता. त्याची नजर मावशीच्या वाडीवर गेली. तो म्हणू लागला, हे माड माझ्या वडिलांनी लावले, तिच्या नवऱ्याकडे नुसती राखण होती. गावात कोण त्याला नाही म्हणणार? पाण्यात राहून माशाशी वैर धरून चालत नाही. जमीन त्याची, किनारा त्याचा, पेरणीला बोलावलं की गडीमाणसांनी आपलं शेत टाकून त्याच्या शेतावर राबायचं, पोरीच्या लग्नातसुद्धा पहिला नारळ त्याच्या घरी पाठवायचा. तरी पंच बसवले, दिसायला बरं म्हणून.

मावशी पंचांपुढे उभी राहिली ती कमरेला पदर खोचून. म्हणाली, "ह्या गावातल्या कुणीबी शंकराच्या देवळात बेलभंडार उचलावा आन म्हणावं, हे माड खोताचे हायत. म्या त्याच पावली वाडी सोडीन. पुन्यांदा तोंड उघडणार न्हाय."

देवापुढचा बेल आणि भंडारा हातात घेऊन जो खोटं बोलेल त्याचा वंश वर्षाच्या आत बुडतो, अशी तिथं सगळ्यांची पक्की समजूत. खोत स्वतः उचलणार नाही, त्याचा भाऊ उचलणार नाही, त्याचं मीठ खाणारा गडी उचलणार नाही. माझ्या मनात आलं, वा गं मावशी, मारलंस! तिनं माणसांवर भरवसा ठेवलाच नव्हता, देवाच्या भीतीवर ठेवला होता. येत्या सोमवारी देवळात जमायचं ठरलं.

तिची चूक एवढीच झाली, की ती "कुणीबी" म्हणाली. रोज ज्यांच्या दारात यायची ती किरिस्तावाची माणसं त्या शब्दात येतात, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं.

ते खोताच्या दिवाणजींच्या ध्यानात आलं. गुरुवारी दुपारी ते आमच्याकडे आले, बाकावरचा भुसा धोतराच्या सोग्यानं झटकून बसले. माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचे, आणि ते गोड बोलणं नुसतं कामापुरतं नसायचं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "एक लहानसं काम आहे. सोमवारी देवळात या, बेलभंडार उचला आणि दोन शब्द बोला. इतकंच."

सासरे म्हणाले, "माड तिच्या नवऱ्यानं लावलेत. माझ्या डोळ्यांदेखत. विहिरीवर रहाट मीच बसवून दिलाय."

"म्हणूनच तर तुमच्या शब्दाला वजन. आणि मी तुम्हाला पाप कुठं करायला सांगतोय? आमच्यापैकी कुणी हे केलं तर त्याचा वंश बुडेल. तुमचा तो देवच नाही. तुम्हाला ना तो बाधायचा, ना पावायचा. दोन पानं आणि चिमूटभर हळद हातात धरायची, झालं." मग जरा थांबून ते म्हणाले, "खोतसाहेब पावसाआधी ही किनारपट्टी मोकळी करून घ्यायचं म्हणताहेत. मी म्हटलं, मिस्त्रींचं आपण बघू." जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाईंना जपा. माझीही लेक बाळंतपणाला आलीय, म्हणून म्हणतो." आणि ते मनापासूनच म्हणत होते. त्यामुळे तर मला जास्त भीती वाटली. दुष्ट माणूस धमकी देतो तेव्हा निदान त्याला शिव्या तरी देता येतात.

दोन दिवस सासऱ्यांनी कामातच डोकं घातलं. अर्धी झालेली होडी होती, तिच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठासून राळ भरत बसले. मला आधी वाटलं, नाही म्हणतील. मग वाटलं, नाही म्हटलं तर आपण जायचं कुठं? नवऱ्याला कळवायचं तर पत्र पोचून उत्तर यायला पंधरा दिवस. माझं पोट हे एवढं पुढं आलेलं. रात्रीची झोप उडाली होती. आणि मग हळूहळू दिवाणजींचं म्हणणं मला पटू लागलं. गरज पडली की माणसाला काय वाटेल ते पटतं.

शनिवारी दिवेलागणीच्या आधी मी सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिले. एरवी मी त्यांच्यापुढे आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला.

"बाबा, उचला तो बेलभंडार. तो आपला देव नव्हे. आपल्या लेखी तिथं दगड आहे. दगडापुढं बोललेलं खोटं कसं होईल?"

"तिच्या लेखी तो दगड न्हाय," सासरे म्हणाले. "तिनं देवाच्या भरवशावर शब्द दिलाय. त्याच भरवशाची दोरी करून मी तिचा गळा आवळू?"

"मग आपला गळा आवळून घ्यायचा?"

ते रंधा पुसत राहिले. म्हणाले, "त्या पाद्र्यांनी सांगितलेलं आठवतं? एकट्या बाईवर बदफैलीचा आळ घिऊन तिला मरणाच्या दारात नेणारे ते दोन म्हातारे? लोक म्हणाले, वडील माणसं हायत, त्यांची साक्ष खोटी कशी असंल. मला त्यांच्यातला तिसरा व्हायचं न्हाय."

"आणि तो मांस न खाता मेला तो? तोच तुमच्या डोक्यात बसलाय," मी म्हणाले. "तो नव्वद वर्षांचा होता. त्याला घर नव्हतं, दार नव्हतं. त्याच्या घरात पोटुशी सून नव्हती!"

सासऱ्यांनी जरा विचार केला. "गोष्टीत सांगितली न्हाय," ते म्हणाले. "असंल बी."

मी चिडून काय काय बोलले ते आता लिहायलाही नको वाटतं. पण लिहिते, त्याशिवाय ह्या लिहिण्याला अर्थ नाही. मी म्हणाले, तुम्हाला स्वर्गात जायचंय, पण तुमची वाट माझ्या लेकराच्या अंगावरून जाते. मी म्हणाले, ती मावशी आपली कोण लागते? आज आहे, उद्या आपण मेलो तर खांदा द्यायलासुद्धा तिची माणसं शिवायची नाहीत. रोज तिच्या हातचं कालवण खाऊन मी हे बोलले. सासऱ्यांचे हात थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, आणि तरी मी थांबले नाही. शेवटी ते म्हणाले, "बघू," आणि उठून किनाऱ्याकडे गेले.

"बघू" म्हणजे अर्धं हो, असं मी धरलं. रविवारी आम्ही दोघांनी बाकापुढे गुडघे टेकून जपमाळ म्हटली. सासऱ्यांनी नेहमीपेक्षा फार वेळ लावला. मी तोंडानं सोबत म्हणत होते आणि मनात मागत होते, देवा, ह्यांना सुबुद्धी दे, उद्या त्यांना खोटं बोलू दे. असलं मागणं देवापुढे आणखी कुणी मागितलं असेल तर त्याला भेटायला मला आवडेल.

सोमवारी सकाळी सासऱ्यांनी मिस्सेचा काळा कोट मागितला. मी तो आनंदानं झटकून दिला. जायचंच नसतं तर त्यांनी कोट कशाला मागितला असता? मीही मागोमाग गेले. देवळापुढे गाव जमलं होतं. खोत ओसरीवर सतरंजीवर बसला होता, पंच बाजूला. पायरीवर ताम्हणात बेलाची पानं आणि भंडारा ठेवला होता. मावशी एकटीच एका बाजूला उभी होती, अगदी निवांत. मला वाटलं, कुणीच पुढे येणार नाही अशी तिची खात्री आहे.

दिवाणजींनी सासऱ्यांना पुढे बोलावलं. लोकांत कुजबूज झाली. मला वाटलं, मावशीला ते आत्ता कळलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं सासऱ्यांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली.

सासरे पायताण काढून पायरीखाली उभे राहिले. वर चढले नाहीत.

"हे देऊळ तुमचं," ते म्हणाले. "तीस वर्सं ह्या गावात हाय, मी कधी पायरी चढलो न्हाय, पण अपमान बी केला न्हाय. हा बेल हातात घेतला तर तुमच्या देवाची चेष्टा व्हईल आन माझ्या देवाची बी. मी तो घेणार न्हाय. आमच्या देवाची आज्ञा हाय, शेजाऱ्यावर खोटी साक्ष घालू नको. शेजारी किरिस्ताव असंल तरच, असं त्यात न्हाय. हे माड हिच्या नवऱ्यानं लावले. मी बघितलंय."

मी तिथल्याच एका बाईचा हात धरला, आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.

पंचांत एक म्हातारा कोळी होता. भला माणूस. मावशीवर उपकार करायची संधी त्याला दिसली. तो म्हणाला, "मिस्त्री, मग येक कर. खोटं नगं. बेल उचलून हेच खरं सांग, का माड तिचे हायत. म्हंजे ह्यो तंटा कायमचा मिटला. खोतालाबी पुढं बोलता यायचं न्हाय."

मला तर हायसंच वाटलं. खोत रागानं लाल झाला होता. आता एवढं तरी करा, मी मनात म्हणत होते. घर तर गेलंच, निदान मावशीची वाडी तरी राहू दे. खरंच बोलायचं होतं, त्यात काय बिघडत होतं?

सासरे कितीतरी वेळ ताम्हणाकडे पाहत उभे होते. त्यांना ते सोपं नव्हतं, हे मला आज कळतं. मग ते म्हणाले, "खऱ्यासाठी बी मी तो उचलणार न्हाय. ज्याला मी देव मानीत न्हाय त्याची आण घिऊन खरं कसं सांगू? सोंगच ते. माझा शब्द तुम्ही तीस वर्सं होडीच्या फळीवर तपासलाय. तेवढाच हाय माझ्यापाशी."

पंच म्हणाले, आण नाही तर साक्ष नाही. म्हणून त्या दिवशी मावशीला वाडी सोडावी लागली नाही, आणि वाडी तिची असं ठरलंही नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सासऱ्यांनी त्या वेळी बेल उचलायला हवा होता का, ह्याचं उत्तर मी पुढे दोन पाद्र्यांना विचारलं. एकानं सांगितलं, माझ्याशिवाय दुसरा देव मानू नको ह्या पहिल्या आज्ञेपुढे दुसरा विचार नाही. दुसरे म्हणाले, मी तिथं असतो तर मला भीती वाटली असती. मला दुसऱ्यांचं जास्त पटलं.

आठ दिवसांत जागा सोडायचा निरोप आला. कोळ्यांना सांगण्यात आलं की मिस्त्रीकडे होडी द्यायची नाही. अर्धी झालेली होडी मालक ओढून घेऊन गेला. जाताना तो सासऱ्यांच्या पाया पडला. आम्हाला उघड मदत करायची कुणाची हिंमत नव्हती. पण निघायच्या सकाळी सासऱ्यांनीच बांधलेला एक मचवा नेमका आमच्या पट्टीसमोर येऊन लागला होता. मचव्याचा तांडेल म्हणाला, वारा पडला म्हणून थांबलोय. वारा चांगला भरभरून वाहत होता. आम्ही बाक, हत्यारं, दोन ट्रंका आणि कोंबड्या त्यात चढवल्या आणि खाडीपलीकडे आगरदांड्याच्या बाजूला गेलो. मावशी त्या दिवशी बाजाराला गेली होती. ती मुद्दाम गेली, हे मला माहीत होतं. मलाही तिचं तोंड बघायचं नव्हतं.

पलीकडे एका माणसानं जाळी ठेवायची खोप दिली. तिथंच मी बाळंत झाले. देवाच्या आईसारखी गोठ्यात नव्हे, तेवढी माझी पुण्याई नाही. मुलगी झाली, किरकिरी पण जगली. सासऱ्यांना पुन्हा नवी होडी बांधायला कुणी दिली नाही. लोकांच्या फुटक्या फळ्या बदलायच्या, गळक्या फटी बुजवायच्या, हेच काम राहिलं. आयुष्यभर ज्यानं अख्ख्या होड्या समुद्रात सोडल्या त्यानं शेवटची वर्षं ठिगळं लावण्यात घालवली. एकदाही ते मला काही बोलले नाहीत. नातीला मांडीवर घेऊन तीच म्हाताऱ्याची गोष्ट सांगायचे, आणि ती विचारायची, "मग त्यानं खाल्लं का न्हाय?" "न्हाय." "भूक लागली असंल." "लागली असंल," सासरे म्हणायचे.

मी मात्र दर वर्षी उपासाच्या दिवसांत पापं कबूल करायला पाद्र्यांपुढे कुमसाराला बसले की तेच पाप सांगायची. सासऱ्यांना खोटं बोलायला सांगितलं. पाद्री म्हणायचे, हे तर मागल्या वर्षी सांगितलंस, त्याची क्षमा झाली. माझं काही केल्या समाधान होत नसे. जिच्याविरुद्ध पाप करायला निघाले होते त्या मावशीला सांगितलंच नव्हतं ना.

पाच-सहा वर्षांनी सासरे गेले. ताप आला, चौथ्या दिवशी गेले. नवरा मुंबईहून पोचायच्या आत पुरावं लागलं. आणि आठव्या दिवशी सकाळी दारात मावशी. दिघीहून पहिल्या होडीनं आली होती. फार वाळली होती. तिच्या वाडीचं आम्हाला कळलं होतं. दोन वर्षांपूर्वी खोतानं कुठले जुने कागद पुढे करून ती घेतलीच होती. आता ती भाच्याकडे राहत होती आणि दुसऱ्यांची सुकट वाळवत होती. म्हणजे सासऱ्यांच्या त्या सोमवारानं जगात काहीच बदललं नव्हतं. आमचं घर गेलं, तिची वाडी गेली, आणि खोत टेकाडावर खुशाल होता.

ती ओटीवर बसली, माझ्या मुलीला जवळ घेतलं, कोऱ्या चहाचा कप हातात धरून राहिली. मग म्हणाली, "देवमाणूस व्हता. आन तूबी, पोरी. पोटात येवढं वझं असून सासऱ्याला अडवलं न्हाईस. दुसरी कुणी असती तर..."

माझ्यानं राहवेना. गप्प बसले असते तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. सासरे सांगायला येणार नव्हते. तिला समाधान, मला मान. दोन पानं आणि चिमूटभर हळद हातात धरण्याइतकंच सोपं होतं ते.

"मावशी," मी म्हणाले, "मी अडवलं. उचला बेलभंडार म्हणून मीच त्यांच्या पाठीस लागले. तू आपली कोण लागतेस, असंही म्हणाले. तुझी वाडी गेली असती तरी मला चाललं असतं."

मी वाट पाहत होते की ती उठेल, किंवा पूर्वीसारखा माझा उद्धार करेल. ती चहाकडे बघत राहिली.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगंल? शनवारी सांजचं म्या तुमच्या कुडापाशी व्हते. खोतानं तुमच्या दारात मानूस धाडला, ते बाजारात कानावर आलं व्हतं. पर मिस्त्री तसं करंल, हे मनाला पटंना. मग म्हटलं, सांगून यावं त्याला, घाल बाबा आण, माझ्या मागं कोण हाय, तुझ्या सुनंला सातवा म्हयना हाय. त्येच सांगाया आले व्हते म्या. तर आत तू तेच सांगत व्हतीस. माझ्यापरीस चांगलं सांगत व्हतीस."

"मग आत का आली नाहीस?"

कप तिनं खाली ठेवला.

"भ्याले," ती म्हणाली. "तू येवढं बोललीस, तो गप. मला वाटलं, आता ऐकतोय हा. आन पोरी, अठरा माड डोळ्यांफुडं आले. द्याया आले व्हते, आन द्यायची येळ आली तवा हात सुटंना. तशीच मागं फिरले, देवळात गेले, आन शंकराला म्हटलं, त्या किरिस्तावाला सुनंचं ऐकू दिऊ नगंस. सोमवारी तो ताम्हणाम्होरं उभा ऱ्हायला तवा तुझ्याकडं बघितलं ते त्यापायी. तुला ठावं झालं का काय, म्हनून. माझ्या माडांसाठी तुमचं घर म्या देवापाशी मागून घेतलं."

इतकी वर्षं मी तिची गुन्हेगार म्हणून जगत होते, आणि ती माझी. मधे एक खाडी, आणि ती ओलांडायचा दोघींनाही धीर नव्हता. मी तिच्याजवळ सरकले. सासऱ्यांनी केलं ते माझं किंवा तिचं ऐकून नव्हे, स्वतःच्या मनानं केलं होतं, एवढं एकच त्यात मला धरायला सापडलं, आणि ते मी तिला सांगितलं. मग आम्ही त्यांच्यासाठी रडलो, आधी ती, मग मी.